डबल चिनचं इंजेक्शन घ्यायचंय? मग क्लिनिकची पायरी चढायच्या आधी एवढं वाचा

लग्नसराई जवळ आली की कोल्हापुरातल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो, आणि येतो तो आवाज बारीक करूनच. आजूबाजूला कोण नाही बघून, "ओ ताई, ते चरबी विरघळायचं इंजेक्शन असतंय न्हवं, ते मिळतंय का तुमच्याकडं?" विचारणारी कधी नवरी असते, कधी नवरीची आई, आणि आता तर नवरदेवपण विचारायला लागलेत, जिमला जातात, दंड बिंड झकास झालेत पण हनुवटीखालची वळी काय हलेना. बायकांचं तर ठुशी घातली की ती वळी बरोबर वर येऊन बसते आणि फोटोग्राफर आपला "मान वर करा वैनी, अजून थोडी वर" म्हणत राहतो. तर हे त्या सगळ्यांसाठी. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, टोचायचं काम माझं नाही पण बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायचं काम रोजचं आहे, आणि या प्रकरणात निम्मी लढाई बाटलीवरच असते.

काउंटरवरच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही मिळत. आणि कुठल्याही मेडिकलमधनं किंवा ऑनलाइन साइटवरनं आणून घरी टोचून घ्यायची ही वस्तूच नव्हे, यूट्यूबवर कुणीतरी आरशात बघून स्वतःला टोचतंय म्हणून आपण पण करायचं, तर असलं काही मनात असेल तर इथंच थांबा.

पहिली पायरी : कुठलं इंजेक्शन म्हणताय ते नक्की करा

लोक तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात आणि सगळा घोळ तिथंच सुरू होतो.

एक म्हणजे आठवड्यातनं एकदा घ्यायचं वजन कमी करायचं इंजेक्शन. टिर्झेपटाइड, म्हणजे माउंजारो, आपल्याकडं मार्च 2025 ला आलं आणि सेमाग्लुटाइडचं वेगोव्ही जून 2025 ला. ही औषधं भूक कमी करतात, अख्ख्या अंगाचं वजन उतरवतात, पोटावर टोचली तरी पोटाचीच चरबी विरघळवतात असं काही नाही. ती शुगरवाल्या किंवा लठ्ठपणावाल्या पेशंटसाठी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, वेगळा विषय.

दुसरी म्हणजे फॅट बर्नर नावाखाली दिली जाणारी व्हिटॅमिनची सुई, बी-12 आणि त्यात आणखी काय काय मिसळलेलं. त्यानं चरबी जळते याला भरवशाचा पुरावा नाही, शरीरात बी-12 कमी असेल तर तेवढं भरून निघेल, बास.

तिसरी म्हणजे आपला आजचा विषय, जिथं चरबी साठलीय तिथंच टोचून तिथल्याच चरबीच्या पेशी मारायच्या. यात ज्याचं काम नीट अभ्यासलं गेलंय ते औषध म्हणजे डिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड. क्लिनिकमध्ये गेल्यावर "फॅट डिझॉल्व्ह करतो", "लिपो करतो", "मेसो करतो" असलं काही सांगितलं तर मान डोलवू नका, औषधाचं नाव विचारा. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर विषय तिथंच संपला.

दुसरी पायरी : चिमटीत येतंय का बघा

आरशासमोर सरळ उभं राहा, हनुवटीखाली अंगठा आणि तर्जनीत धरा. मऊ, जाडसर, हलणारी अशी घडी हातात आली तर ती कातडीखालची चरबी, इंजेक्शन काम करतं ते हिच्यावर. हातात नुसती पातळ सैल कातडी आली तर इंजेक्शननं चरबी जाईल आणि कातडी अजून लोंबेल, पन्नाशीनंतर हे जास्त दिसतं. आणि मानेवर उभ्या दोऱ्यासारखे पट्टे दिसत असतील तर ते स्नायूचे, त्यांचा चरबीशी संबंध नाही.

काहींची ठेवणच अशी असते की जबडा जरा मागं आहे, हनुवटी लहान आहे, त्यामुळं चरबी नसताना पण डबल चिन दिसते. आणि काहींना गळ्याशी फुगवटा असतो तो थायरॉईडचा असतो, किंवा गाठीचा, किंवा लाळेच्या ग्रंथीचा. त्यामुळं चांगला डॉक्टर आधी बोटांनी चाचपून बघतो, पाणी प्यायला सांगून गळ्याकडं बघतो, शंका आली तर थायरॉईडची तपासणी नाहीतर सोनोग्राफी सांगतो. यांनी पैसे काढायला टेस्ट लावली म्हणून नाक मुरडू नका, इथं ती टेस्ट खरंच कामाची आहे.

आता पोट. सगळ्यात जास्त विचारणा पोटाची आणि सगळ्यात जास्त निराशा पण तिथंच. आपल्या पुरुषांचं पुढं आलेलं घट्ट पोट असतं ना, चिमटीत काही येत नाही पण शर्टाचं बटण लागत नाही, ती चरबी स्नायूच्या आत, आतड्याभोवती असते. तिथपर्यंत ही सुई जात नाही आणि जायलाच नको. भारतीय माणसासाठी कंबरेचा धोक्याचा आकडा पुरुषांना 90 सेंटीमीटर आणि बायकांना 80 सेंटीमीटर धरतात, टेप लावून बघा, त्याच्या पुढं असाल तर तुमचा प्रश्न फोटोचा राहिला नाही, शुगर, बीपी आणि लिपिड तपासून घ्यायचा झाला.

तिसरी पायरी : हे औषध करतं काय ते समजून घ्या

ही माहिती रीलमध्ये कुणी देत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

डिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड आपल्या पोटात रोज तयार होतंच. लिव्हर पित्त बनवतं, त्यातल्या एका आम्लावर आतड्यातले जंतू काम करतात आणि हे तयार होतं. मटणाच्या रश्श्यावरचा तेलाचा तवंग पचवायला जी मंडळी कामाला लागतात त्यातलंच हे एक. तेच जर कातडीखालच्या चरबीत टोचलं तर चरबीच्या पेशीचं वरचं आवरण फुटतं आणि पेशी मरते. मग शरीर तिथं सूज आणतं, सफाई करणाऱ्या पेशी येतात, कचरा उचलतात, आणि हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. म्हणजे सूज हा साइड इफेक्ट कमी आणि औषध काम करतंय याची खूण जास्त. मंजूर औषधात वापरतात ते प्रयोगशाळेत तयार केलेलं असतं, प्राण्याचं नाही, हे मुद्दाम सांगते कारण जैन कुटुंबातल्या गिऱ्हाइकांनी विचारलंय.

आता यात मेख अशी आहे की हे औषध चरबी ओळखून तिच्यावरच जातं असं नाही, ते कुठलीही पेशी फोडू शकतं. स्नायू आणि कातडीत प्रोटीन जास्त असतं, ते औषधाला पकडून ठेवतं आणि त्याची धार कमी करतं, चरबीत प्रोटीन कमी म्हणून तिथं ते जोरात चालतं. पण सुई वर वरच राहिली, कातडीतच औषध गेलं, तर कातडी काळी पडून जखम होते. ओठ हलवणाऱ्या नसेजवळ गेलं तर ती नस दुखावते आणि हसू वाकडं होतं. म्हणून सुई किती खोल आणि नेमकी कुठं, यावर सगळं अवलंबून आहे.

अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध खात्यानं, हे औषध एप्रिल 2015 मध्ये कायबेला नावानं मंजूर केलं, फक्त मोठ्या माणसांसाठी आणि फक्त हनुवटीखालच्या मध्यम किंवा जास्त चरबीसाठी. मंजुरीच्या आधीच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून हजारभर लोक होते. औषध घेतलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांत डॉक्टर आणि पेशंट दोघांच्याही मते चरबीच्या मोजपट्टीवर एका पायरीची सुधारणा झाली, आणि नुसतं पाणी टोचलेल्यांत पण पाचात एकाला तसंच वाटलं. ठळक, दोन पायऱ्यांची सुधारणा बघितली तर ती औषधवाल्यांत शंभरात पंधरा-सोळा जणांनाच. म्हणजे काम करतं, पण रीलमधल्या बिफोर-आफ्टरसारखं सगळ्यांचं होत नाही, त्या फोटोत मान किती वर केलीय आणि लाइट कुठनं आलाय ते पण बघत जावा.

त्याच्या आधीचा इतिहास पण रंजक आहे. 1952 मध्ये फ्रान्समध्ये मिशेल पिस्तोर नावाच्या डॉक्टरनं कातडीत बारीक बारीक डोस टोचायची मेसोथेरपी सुरू केली, तिचा चरबीशी तेव्हा काही संबंध नव्हता. पुढं सोयाबीनपासनं काढलेलं फॉस्फॅटिडिलकोलिन चरबीसाठी वापरायला लागले, ब्राझीलमध्ये तर त्याची इतकी लाट आली की तिथल्या औषध खात्याला ते थांबवायला लागलं. नंतर 2004 च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पेशी फोडायचं खरं काम फॉस्फॅटिडिलकोलिन करतच नव्हतं, ते विरघळून राहावं म्हणून जे डिऑक्सिकोलेट, म्हणजे आपल्या डिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडचंच एक रूप, घालायचे तेच करत होतं. अजूनही बाजारात दोन्ही मिसळलेल्या बाटल्या असतात, पीसीडीसी नाहीतर लिपोडिझॉल्व्ह म्हणतात त्यांना.

चौथी पायरी : दंड, मांड्या, ब्राच्या पट्ट्याशेजारची वळी, यांचं काय?

डॉक्टर लोक करतात. पण त्या जागांसाठी ती मंजुरी नाही, म्हणजे डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर, स्वतःच्या अनुभवावर करतो. ते बेकायदेशीर असतं असं नाही पण तुम्हाला ते सांगूनच केलं पाहिजे. आणि एक साधा हिशोब घाला, हनुवटीखाली एका वेळी जास्तीत जास्त 10 मिली औषध देतात, पोटाची वळी त्याच्या कितीतरी पट मोठी, मग एवढ्याशा औषधानं काय होणार, आणि औषध वाढवत नेलं तर सूज, दुखणं, धोका सगळंच वाढत जाणार. मोठ्या भागासाठी इंजेक्शन म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणं, हे माझं मत, पटलं तर घ्या. तिथं व्यायाम-जेवण, नाहीतर सरळ प्लास्टिक सर्जनला भेटून लायपोसक्शनचं विचारा.

पाचवी पायरी : तुम्हाला चालणार नाही ते आधी ओळखा

गरोदर आहात, बाळ अंगावर पितंय, वय 18 च्या आत आहे : नाही. टोचायच्या जागी फोड, पुळी, इन्फेक्शन आहे : ते बरं होईपर्यंत नाही. गिळायला आधीपासून त्रास आहे, त्या भागाचं ऑपरेशन झालंय, चेहऱ्याच्या एका बाजूला आधी कधी लकवा मारलाय, तर डॉक्टरला पहिल्या मिनिटाला सांगायचं. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर टोचलेल्या प्रत्येक ठिकाणी काळंनिळं होतं, पण म्हणून त्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. हार्टवाले लोक अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असल्या कारणासाठी बंद करून बसतात, हनुवटीसाठी हार्टशी खेळायचं काय कारण आहे सांगा बघू. ज्यानं ती गोळी लिहून दिलीय त्यालाच विचारायचं. शुगर वाढलेली असेल तर ती आटोक्यात आल्याशिवाय कुठलीच सुई कॉस्मेटिकसाठी नको, जखम भरत नाही.

आणि वजन अजून वरखाली होतंय, डाएट आत्ताच सुरू केलंय, तर चार-सहा महिने थांबा. मेलेल्या पेशी परत येत नाहीत हे खरं, पण उरलेल्या पेशी फुगतात, वजन वाढलं की वळी परत.

सहावी पायरी : डॉक्टर निवडताना

राजारामपुरीच्या गल्ल्यांतनं एक चक्कर मारली, ताराबाई पार्क, शाहूपुरी फिरलं, की स्किन-हेअर-लेझरचे बोर्डच बोर्ड. त्यातले चांगले डॉक्टर आहेतच, पण बोर्डावरनं काही कळत नाही. एमडी किंवा डिप्लोमा झालेले त्वचारोगतज्ज्ञ नाहीतर प्लास्टिक सर्जन, एवढ्यावर ठाम राहा. नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर घ्यायचा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून बघायचा, दोन मिनिटांचं काम आहे. डॉक्टरला राग येईल का, असं एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं मला. ज्याचं रजिस्ट्रेशन खरं आहे त्याला कशाला राग येईल?

पार्लरमध्ये, भिशीच्या ग्रुपमध्ये, कुणाच्या तरी फ्लॅटवर "मुंबईवरनं मॅडम येणार आहेत, दहा जणी झाल्या तर रेट कमी" असले कॅम्प चालतात. मॅडम टोचून जातात, रविवारी रात्री तुमची मान लाल झाली तर फोन लागत नाही. तिथं जायचं नाही, फुकट दिलं तरी नाही.

भेटीत हे विचारा : माझ्या हनुवटीला हेच का, दुसरं काय पर्याय आहेत, तुम्ही स्वतः टोचणार का असिस्टंट, आतापर्यंत कुणाला हसू वाकडं झालंय का आणि मग काय केलंत, रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा. शेवटच्या दोन प्रश्नांवर जो डॉक्टर शांतपणे, खरं खरं बोलतो तो आपला. "काहीच होत नाही हो, लंच टाइममध्ये करून जातात लोक" म्हणतो त्याला नमस्कार करून बाहेर या.

सातवी पायरी : बाटली वाचा, फोटो काढा

मागं एक मुलगी फोनमध्ये फोटो घेऊन आली, म्हणाली हे औषध चांगलं आहे का बघा. छान पिवळा बॉक्स, वर कोरियन अक्षरं, चकचकीत होलोग्राम. मी फोटो मोठा करून करून बघितला. बॅच नंबर होता, एक्स्पायरी होती, पण भारतात आणणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, इम्पोर्ट लायसन्स नंबर नाही, एमआरपी पण नाही. म्हणजे ती बाटली कुणाच्या तरी बॅगेतनं आली, वाटेत किती गरम झाली, आत खरंच काय आहे, विचारायचं तर कुणाला? तिला म्हटलं, बाई, साध्या खोकल्याच्या औषधावर याच्यापेक्षा जास्त माहिती असते.

तर काय बघायचं. भारतात तयार झालेलं असेल तर औषधाचं नाव, त्यात किती मिलिग्रॅम काय, कंपनीचं नाव-पत्ता, मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, एक्स्पायरी, एमआरपी. बाहेरचं असेल तर याशिवाय इम्पोर्टरचं नाव-पत्ता आणि इम्पोर्ट लायसन्स नंबर. डिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडची मंजूर ताकद 10 मिलिग्रॅम प्रति मिली. बाटली तुमच्यासमोर फोडली पाहिजे, आणि एका पेशंटची बाटली त्याच पेशंटला, उरलेलं टाकून द्यायचं. आधीच सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवलेलं असेल तर हात जोडायचे.

"हे कॉस्मेटिक आहे, लायसन्स लागत नाही" असं सांगितलं तर ऐकून घेऊ नका. क्रीम लावायची असते, सुईनं कातडीखाली जातं ते औषध, त्याला औषधाचेच कायदे लागतात. लेमन बॉटल नावाचं कोरियन इंजेक्शन 2023 ला रीलवर फार गाजलं, त्यात लेसिथिन, रायबोफ्लेव्हिन म्हणजे बी-2 आणि अननसातलं ब्रोमेलेन असतं असा दावा. नाव लिंबाचं, दावा अननसाचा, आणि टोचायचं आपल्या मानेत! फळाचं नाव ऐकून बरं वाटतं हो, पण अमेरिकेच्या एफडीएनं चरबी विरघळवायला एकच औषध मंजूर केलंय, ते वर सांगितलं ते. त्याच एफडीएनं डिसेंबर 2023 मध्ये बिनमंजुरीच्या असल्या इंजेक्शनांबद्दल इशारा दिला, कायमचे वण, गंभीर इन्फेक्शन, कातडी वेडीवाकडी होणं, आत दुखऱ्या गाठी, हे सगळं लोकांना झाल्याचं त्यात आहे.

आठवी पायरी : पैशाचं आधी बोला

रेट बाटलीवर आहे का सेशनवर, एका सेशनला किती बाटल्या लागतील, एकूण किती सेशन, भूल, गोळ्या, नंतर हनुवटीला बांधायचा पट्टा त्यातच का वेगळं, हे कागदावर घ्या. कॉस्मेटिक ट्रीटमेंटवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरून सांगताय का ते पण विचारा. मेडिक्लेममध्ये बसत नाही, एजंटला फोन करून वेळ घालवू नका. सहा सेशनचं पॅकेज आगाऊ भरून मोकळं व्हायचं नाही, पहिलं झालं की बघायचं, मग दुसरं. बरेच जण दोन-चार सेशनवर समाधानी होतात, मग उरलेल्याचे पैसे परत मागायला भांडण. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या.

नववी पायरी : तारीख उलटी मोजा

दोन सेशनमध्ये कमीत कमी एक महिना पाहिजे, आणि शेवटच्या सेशननंतर खरा रिझल्ट दिसायला सहा ते बारा आठवडे. लग्न मार्गशीर्षात असेल तर आषाढात सुरुवात झाली पाहिजे. हळदीच्या आदल्या आठवड्यात येऊन "ताई, लगेच उतरतं का?" म्हणणाऱ्यांना माझं एकच उत्तर असतं, आत्ता घेतलंस तर फोटोत आहे त्याच्या दुप्पट दिसशील.

दहावी पायरी : त्या दिवशी काय होतं

पोट भरून जा, उपाशी जाऊन चक्कर येऊन पडू नका. पुरुषांनी दाढी करून जायचं. आधी फोटो काढतात समोरून आणि दोन्ही बाजूंनी, ते काढलेच पाहिजेत, नंतर फरक पडला का नाही याचा वाद होत नाही. मग पेनानं जबड्याची कड आखतात आणि तिच्याखाली एक ते दीड सेंटीमीटरची पट्टी सोडून देतात, कारण तिथनं ओठाचा कोपरा खाली ओढणारी नस जाते. उरलेल्या भागावर एक-एक सेंटीमीटरवर ठिपके. प्रत्येक ठिपक्याला 0.2 मिली, अगदी बारीक सुईनं, एका वेळी जास्तीत जास्त 50 ठिपके. बर्फ लावतात किंवा बधीर करतात.

सुईचं दुखणं काही विशेष नाही. नंतर जी आग होते ती खरी. मिरची लागल्यासारखी जळजळ सुरू होते आणि पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू कमी होते, मग जड, बधिर वाटतं. आखणी न करता, अंदाजानं भसाभस टोचायला लागले तर "थांबा डॉक्टर" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

अकरावी पायरी : पहिला आठवडा

दुसऱ्या दिवशी आरशात बघून घाबरू नका. गालफुगी झालेल्या पोरासारखी मान दिसते. चाचण्यांमध्ये शंभरातल्या 87 लोकांना सूज आली, 72 जणांना काळंनिळं झालं, दोन तृतीयांश लोकांना तो भाग बधिर वाटला. सूज पहिले दोन-तीन दिवस जास्त, मग आठ-दहा दिवसांत उतरत जाते, बधिरपणा आणि आतलं कडकपण काही आठवडे राहतं. दुकानात, बँकेत, शाळेत लोकांसमोर बसायचं काम असेल तर शुक्रवारी-शनिवारी घ्या आणि पुढचे चार दिवस ओढणी नाहीतर मफलर, कोल्हापूरच्या थंडीत कुणी विचारत पण नाही.

बर्फ कपड्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ, उशी उंच घेऊन झोपायचं, दुखलं तर डॉक्टरनं सांगितलेली गोळी, बहुतेक पॅरासिटामोल असते. घरातली म्हातारी माणसं गरम मिठाचा शेक, हळदीचा लेप सुचवतात, प्रेमानंच सांगतात, पण नको. चोळायचं नाही, पार्लरमध्ये फेशियलला जायचं नाही, दोन-चार दिवस जिमला आणि तालमीला सुट्टी. कुस्तीवाल्या पोरांनो, मानेवर ओढाताण होते ती आठवडाभर तरी बंद, वस्तादांना सांगून ठेवा.

बारावी पायरी : परत पळायचं कधी

हसताना ओठाची एक बाजू खाली येत नाही, हसू वाकडं दिसतंय : नस दुखावलीय. चाचण्यांत साधारण 4 टक्के लोकांना झालं, सगळ्यांचं बरं झालं पण कुणाचं काही दिवसांत, कुणाचं काही महिन्यांत. गिळायला अवघड जातंय, हे 2 टक्क्यांना झालं, तेही जातं पण कळवायचं. कातडीवर पांढरट किंवा जांभळट डाग, फोड, काळी खपली दिसायला लागली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास अडकला तर क्लिनिकलाच फोन करत बसू नका, 108.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहिती असते. सगळं बरं झालं, महिना गेला, आणि मग टोचलेल्या जागी लालसर गाठी यायला लागल्या, त्यातनं पाणी किंवा पू यायला लागला. हे टीबीच्या जंतूच्या भावकीतल्या जंतूंचं इन्फेक्शन असू शकतं, हे जंतू साध्या नळाच्या पाण्यात असतात, सुई-बाटली-हात स्वच्छ नसले की आत जातात. नेहमीच्या पाच दिवसांच्या अँटिबायोटिकनं हे हटत नाही, आणि लोक माझ्याकडं येऊन तीच गोळी परत परत मागतात. द्यायचीच नसते ती. पू कल्चरला पाठवायला सांगा, आणि साध्या कल्चरबरोबर एएफबी कल्चर, म्हणजे टीबीच्या भावकीतले जंतू शोधायची तपासणी, पण करायला सांगा, उपचार काही महिने चालतो. ज्याच्याकडं घेतलं तो दाद देत नसेल तर सरळ सीपीआरच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, त्वचारोग ओपीडीत जा, केसपेपर काढून बिल आणि बाटलीचा फोटो दाखवा.

त्रास झाला तर कळवायचं कुठं ते पण लिहून ठेवा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायची देशाची टोल फ्री लाइन आहे 1800-180-3024, पेशंट स्वतः करू शकतो, त्याला डॉक्टरच लागतो असं नाही. बाटलीच बोगस वाटली तर अन्न व औषध प्रशासनाला 1800-222-365 वर कळवा. पैशाचं, फसवणुकीचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज, तो ई-जागृतीवर ऑनलाइन पण होतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, फक्त दोन वर्षांच्या आत करायचा. तिथं पहिल्यांदा पक्कं बिलच विचारतात.